नखांवर आडवी खाच, पांढरे ठिपके आणि न दिसणारी चंद्रकोर: यातलं काय बघायचं, काय सोडून द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३८. दोन्ही हातांच्या जवळजवळ सगळ्या नखांवर, साधारण मधोमध, आडवी खाच उमटली आहे. दोन-तीन नखांवर पांढरे ठिपके आहेत. चंद्रकोर फक्त अंगठ्यांवर दिसते. कॅल्शियमच्या गोळ्या दोन महिने घेतल्या, फरक नाही. मोबाईलवर नखांची चित्रं बघून यकृत आणि मूत्रपिंडांची धास्ती बसली आहे आणि कोणकोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय की तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी न्यूमोनियामुळे आठवडाभर ॲडमिट होतात, 'पण ते आता पूर्ण बरं झालंय'.

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते शेवटचं आहे. नख आजची तब्येत सांगत नाही. नखाचा तो तुकडा ज्या दिवसांत तयार झाला, त्या दिवसांतली तब्येत सांगतं. हे एकदा लक्षात आलं की तुमच्या बहुतेक शंका आपोआप सुटतील.

नख तयार होतं ते कातडीखाली लपलेल्या मुळात. अंगठ्यावर जी फिकट चंद्रकोर दिसते, ती त्या मुळाचीच पुढची कड. मुळातल्या पेशी केराटिन नावाचं कडक प्रथिन बनवतात, त्याचा थर पुढे सरकत राहतो आणि बाहेर दिसणारं कडक नख हा निर्जीव थर असतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे दिवसाला ०.१ मिलिमीटर. पूर्ण नख बदलायला सुमारे सहा महिने लागतात. पायाचं नख याच्या निम्म्याच वेगाने वाढतं, अंगठ्याचं नख बदलायला वर्ष-दीड वर्ष जातं. मधल्या बोटाचं नख जरा भरभर वाढतं, करंगळीचं हळू, आणि वय वाढतं तसा वेग सगळीकडेच कमी होतो. म्हणून खालचे आकडे अंदाजाचे धरा.

आता खाच. जोराचा ताप, मोठं ऑपरेशन, गंभीर संसर्ग, केमोथेरपी अशा वेळी शरीर नखं वाढवण्याचं काम काही दिवस जवळजवळ थांबवतं. मूळ पुन्हा कामाला लागतं तेव्हा मधल्या दिवसांचा पातळ थर खाचेसारखा राहतो आणि नखाबरोबर पुढे सरकतो. बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून या खाचांना 'बो रेषा' म्हणतात. खाच जितकी खोल तितका मुळाला बसलेला धक्का मोठा, आणि खाचेची पुढून मागे रुंदी जितकी जास्त तितके दिवस काम मंदावलेलं.

हे तुम्ही घरीच ताडून पाहू शकता. मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी घ्या. नखाच्या मुळाशी कातडी जिथे संपते, तिथून खाचेच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. अंगठा सोडून तीन-चार बोटांवर मोजा. समजा ७ मिलिमीटर आलं. दिवसाला ०.१ या हिशेबाने ते ७० दिवस. पण मूळ कातडीच्या आत असतं, खाच बाहेर दिसायलाच तीन-चार आठवडे लागतात, ते त्यात मिळवायचे. म्हणजे गोष्ट तीन-सव्वातीन महिन्यांपूर्वीची. तुमच्या न्यूमोनियाच्या तारखेशी हे जुळेल, असा माझा अंदाज आहे. जुळलं तर खाचेसाठी एकही तपासणी लागत नाही. ती पुढे सरकत सरकत निघून जाईल.

मोजताना आणखी एक बघायचं: खाच किती बोटांवर आहे? सगळ्या नखांवर साधारण एकाच अंतरावर असेल तर कारण सबंध शरीराचं. एकाच बोटावर असेल तर कारण त्या बोटापुरतं: दारात सापडलेलं बोट, नखुरडं होऊन गेलेलं, मुळाशी झालेली जखम. ठरावीक अंतराने एकामागून एक चार-पाच खाचा असतील तर केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीची एक, असं बऱ्याचदा दिसतं. आणि अंगठ्याच्या नखाच्या बरोबर मध्यावर, मुळापासून टोकापर्यंत, घसवटासारख्या बारीक आडव्या वळ्या असतील तर तर्जनीने अंगठ्याच्या मुळाची कातडी मागे ढकलत राहण्याची सवय असते. त्या माणसाला आपण हे करतोय याचा बहुधा पत्ताही नसतो. मुळाशी चिकटपट्टी लावून ठेवली की काही महिन्यांत नख सरळ येतं.

हाच प्रकार तीव्र झाला तर खाचेऐवजी नख मुळापासून सुटून येतं. लहान मुलांमध्ये हात-पाय-तोंडाच्या विषाणूजन्य फोडांनंतर महिना-दोन महिन्यांनी असं होतं आणि आईवडील हादरतात. खालून नवं नख आलेलं असतं. औषध लागत नाही, फक्त सुटणारा तुकडा ओढायचा नाही.

काळजी कधी करायची? कुठलंही आजारपण आठवत नसताना सगळ्या नखांवर खाचा आल्या, किंवा जुनी पुढे गेल्यावर मागून पुन्हा नवी आली, तर.

पांढऱ्या ठिपक्यांबद्दलचा कॅल्शियमचा समज फार जुना आहे आणि तो चुकीचा आहे. नखाचा कडकपणा केराटिनमुळे, त्यातल्या गंधकाच्या बंधांमुळे येतो. कॅल्शियमचं नखातलं प्रमाण अगदी किरकोळ असतं. ठिपके उमटतात ते मुळाला बसलेल्या लहानसहान मारामुळे: टेबलाच्या कडेला बोट आपटणं, नखं कुरतडणं, मॅनिक्युअर करताना क्यूटिकल मागे रेटणं. मार बसून काही आठवडे झालेले असतात, म्हणून कारण आठवत नाही. ठिपके नखाबरोबर पुढे जातात आणि कापले जातात. डॉक्टरांनी दुसऱ्या एखाद्या कारणासाठी कॅल्शियम दिलं नसेल, तर ठिपक्यांसाठी ते घेण्यात अर्थ नाही.

चंद्रकोर अंगठ्यांवर दिसणं आणि बाकी बोटांवर कातडीखाली झाकलेली असणं हे अनेकांमध्ये असतंच. तिच्यावरून रक्ताभिसरण किंवा थायरॉइड ओळखता येतं, या म्हणण्याला आधार नाही.

आता ज्या चित्रांनी तुम्हाला घाबरवलं त्यांच्याकडे येऊ. इथे एक फरक कळला की निम्मं काम होतं. दोष नखाच्या थरात असेल तर तो नखाबरोबर पुढे सरकतो. दोष नखाखालच्या गादीत, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्यांत असेल तर नख वाढलं तरी तो जागचा हलत नाही, आणि नखाच्या टोकावर दाबलं की बऱ्याचदा फिका पडतो. म्हणून शंका आली की फोटो काढा, महिन्याने त्याच उजेडात पुन्हा काढा. सरकलं का, ते बघा.

यकृताच्या सिरॉसिसमध्ये दिसणारं 'टेरी नख' (१९५४ साली वर्णन झालेलं) सबंध पांढरं, दुधी काचेसारखं असतं. चंद्रकोर त्यात बुडून जाते आणि टोकाला फक्त एक-दोन मिलिमीटरची गुलाबी-तपकिरी पट्टी उरते. हृदय कमकुवत असलेल्यांत, मधुमेहात आणि कधी नुसत्या वयानेही ते दिसतं. मूत्रपिंडाच्या दीर्घ आजारात 'अर्धं-अर्धं' नख होतं: मागचा भाग पांढरा, पुढचा तांबूस-तपकिरी, मधली सीमा स्पष्ट. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन खूप उतरलं, साधारण डेसिलिटरला २.२ ग्रॅमच्या खाली गेलं, तर नखांवर समांतर पांढऱ्या पट्ट्यांची जोडी दिसते. ती दाबल्यावर पुसट होते आणि पुढे सरकत नाही. हे सगळं बहुतेक नखांवर एकदम असतं, आणि सोबत पायांवर सूज, कावीळ, लघवीतले बदल, भूक मरणं असं काहीतरी बहुधा असतंच. तसं असेल तर अल्ब्युमिन, यकृताच्या चाचण्या, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि साखर तपासायची. दोन-तीन ठिपक्यांसाठी हे सगळं करायची गरज नाही.

खरंच तपासण्याजोगी आणि बरेचदा नजरेतून सुटणारी खूण म्हणजे चमच्यासारखं खोलगट नख. ओळखायची युक्ती सोपी आहे: बोट आडवं धरून नखावर पाण्याचा एक थेंब सोडा. निरोगी नख बाकदार असल्यामुळे थेंब ओघळतो. नख खोलगट असेल तर तो तिथेच बसून राहतो. मोठ्या माणसात याचं नेहमीचं कारण लोहाची कमतरता. इथे नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नका, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) करा, कारण साठा संपायला लागतो तेव्हा आधी फेरिटिन उतरतं आणि हिमोग्लोबिन काही काळ ठीकच दिसतं. मात्र अंगात ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन फुगून येतं, त्यामुळे ते बरं झाल्यावर करावं. आणि लोह कमी निघालं तर गोळ्या सुरू करून विषय संपत नाही. लोह का कमी झालं? पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईत उत्तर सहसा तिथेच मिळतं. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का हे शोधावंच लागतं, आणि हे शोधणं टाळलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. लहान बाळांच्या पायाची खोलगट नखं ही बहुतेकदा वयाची गोष्ट असते. सतत तेला-ग्रीसमध्ये, सॉल्व्हंटमध्ये हात असणाऱ्यांचीही नखं अशी होऊ शकतात.

दुसरी महत्त्वाची खूण म्हणजे बोटांची टोकं गदेसारखी फुगणं, ज्याला डॉक्टर क्लबिंग म्हणतात. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून ही माहीत आहे. दोन्ही हातांची तीच बोटं, म्हणजे तर्जनीला तर्जनी, नखाला नख लावून शेवटच्या पेऱ्यांत चिकटवा आणि उजेडासमोर धरा. नखांच्या मुळाशी एक बारीक चौकटच्या आकाराची फट दिसायला हवी. ती फट बुजलेली असेल, आणि नखाचं मूळ दाबल्यावर पाण्यावर तरंगल्यासारखं हलत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसातला पू, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका कायमच्या फुगण्याचा आजार), फुप्फुसं कडक होण्याचे आजार, जन्मजात निळसर हृदयदोष, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, आतड्यांचे दाहक आजार, सिरॉसिस अशी मोठी यादी आहे. काही घराण्यांत ते लहानपणापासून असतं आणि त्याचा काही त्रास नसतो, म्हणून जुने फोटो आणि भावंडांचे हात बघावेत. पण नव्याने आलेलं क्लबिंग म्हणजे छातीचा एक्स-रे लगेच, आणि तो स्वच्छ आला तरी शंका असेल तर सीटी स्कॅन. धूम्रपानाने आलेल्या दम्यासारख्या आजारात, सीओपीडीत, सहसा क्लबिंग होत नाही. अशा माणसाची बोटं फुगू लागली तर 'सिगारेटमुळे असेल' म्हणून सोडून देऊ नये, कर्करोग शोधावा.

तुमच्याबाबतीत एवढंच सांगते: न्यूमोनियानंतर पुन्हा एक्स-रे काढायला सांगितलं असेल तर तो चुकवू नका. नखांच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

काळ्या-तपकिरी उभ्या पट्टीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण नखातला जिवावर बेतणारा बदल हाच आहे. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी उभ्या रेघा असणं साधं आहे, वयाबरोबर त्या वाढतातही. बी-१२ ची कमतरता आणि काही औषधंही नखं काळवंडवतात. तिथे बहुधा अनेक नखं आणि बोटांचे सांधेही काळे होतात. धोका असतो तो एकट्या नखावर नव्याने आलेल्या पट्टीचा. ती ३ मिलिमीटरपेक्षा रुंद आहे, मुळाशी जास्त रुंद आणि टोकाशी निमुळती आहे (म्हणजे ती वाढते आहे), रंग एकसारखा नाही, नख तिथे चिरतंय, किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरलाय, यातलं काहीही असेल तर आठवड्याभरात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हाताचा अंगठा आणि पायाचा अंगठा या तिच्या आवडत्या जागा. गायक बॉब मार्ली यांना १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली असाच मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, निघाला. १९८१ मध्ये ते गेले तेव्हा अवघे ३६ वर्षांचे होते.

यात दोन चुका नेहमी होतात. एक, 'बुरशी असेल' म्हणून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. दोन, 'मार लागून रक्त साकळलं असेल' म्हणून थांबलं जातं. साकळलेलं रक्त ओळखता येतं: ते नखाबरोबर पुढे जातं आणि मागून स्वच्छ नख येतं. डागाच्या मागच्या कडेवर ब्लेडच्या टोकाने नखावर अगदी हलकी खूण करा, किंवा फोटो काढून मोजा. सहा-आठ आठवड्यांत हाताच्या नखावर डाग आणि मूळ यांच्यात ४-५ मिलिमीटर स्वच्छ नख दिसायला हवं. दिसलं नाही तर दाखवा, मार लागल्याचं नक्की आठवत असलं तरी. पायाचं नख सावकाश वाढतं, तिथे दुप्पट वेळ लागेल, पण शंकास्पद पट्टीसाठी तेवढं थांबू नये.

बाकीचं भराभर. नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे सोरायसिसमध्ये किंवा चाई पडण्यात दिसतात. सोरायसिसचे असतील आणि सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-पाऊण तास आखडत असतील किंवा टाच दुखत असेल, तर सांधेतज्ज्ञांना लवकर भेटा, कारण नखांचा सोरायसिस आणि सांध्यांचा सोरायसिस बरेचदा जोडीने येतात. नखाखाली टोकाजवळ एखादी लालकाळी बारीक रेघ, किसासारखी, ही बहुतेक वेळा माराची. तशा अनेक रेघा आणि सोबत रेंगाळणारा ताप असेल तर हृदयाच्या झडपांचा संसर्ग डॉक्टरांच्या मनात यायला हवा. उभ्या बारीक रेघा म्हणजे नखाला पडलेल्या सुरकुत्या. मात्र नख पातळ होत मधून चिरत असेल आणि मुळाची कातडी त्यावर चढत असेल तर लायकेन प्लॅनस हा त्वचेचा दाहक आजार असू शकतो, आणि तिथे उशीर केला तर नख कायमचं जातं.

नख गादीपासून सुटून टोकाला पांढरं दिसू लागलं की लोक सरळ बुरशीची गोळी घेतात. खराब दिसणाऱ्या नखांपैकी जेमतेम निम्म्यांत बुरशी असते. बाकीच्यांत मार, सोरायसिस, सतत पाण्यात हात, थायरॉइड, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेत असताना लागलेलं ऊन, अशी कारणं निघतात. गोळी हाताच्या नखांसाठी सहा आठवडे आणि पायाच्या नखांसाठी बारा आठवडे घ्यायची असते, तीही यकृताकडे लक्ष ठेवून. त्यामुळे आधी नखाचा चुरा तपासून बुरशी आहे याची खात्री करावी. चाचणीआधी काही आठवडे मलम लावलेलं नसावं, नाहीतर बुरशी असूनही अहवाल कोरा येतो.

नखं तुटतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व घेणाऱ्यांसाठी एक इशारा. त्याचा उपयोग होतो याचा पुरावा तोकडा आहे, पण मोठ्या मात्रेत ते रक्ताच्या चाचण्या बिघडवतं. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) खोटं कमी येऊन थायरॉइड वाढल्याचा भास होतो, आणि हार्ट ॲटॅक ओळखण्याची ट्रोपोनिन चाचणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून ते बंद ठेवा आणि घेत असल्याचं लॅबला सांगा.

तर तुमच्यासाठी: पट्टीने मोजा, हातापायांची वीसही नखं नेलपॉलिश काढून दिवसाच्या उजेडात बघा. पाण्याच्या थेंबाची आणि फटीची परीक्षा करा. हे सगळं ठीक असेल तर नखांसाठी तपासण्या नकोत. आजारपणानंतर थकवा टिकून असेल किंवा केस मुठीने गळत असतील (तेही तापानंतर दोन-तीन महिन्यांनी, याच कारणाने गळतात), तर हिमोग्राम, फेरिटिन, टीएसएच आणि साखर एवढं पुरे. थकवा किंवा गळती लांबली तर प्रत्यक्ष दाखवावं.

आणखी दोनेक महिन्यांनी खाच नखाच्या टोकाला पोचेल. तिथे नख पातळ असल्यामुळे ते कपड्यात, केसात अडकून गादीपर्यंत फाटू शकतं. तेव्हा नखं अगदी बारीक ठेवा, सरळ कापा, कडा एकाच दिशेने कानशीने घासा, आणि भांडी-धुणं करताना आतून सुती हातमोजे व वर रबरी घाला. पायाच्या अंगठ्यावर हीच खाच कदाचित आता कुठे दिसू लागली असेल. तिला पाहून पुन्हा घाबरू नका, ती त्याच आठवड्याची आहे.